पानं वाढली म्हणजे गिऱ्हाईक वाढत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

छोट्या दुकानदारांनी ऑनलाइन विक्री कशी वाढवावी, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ‘साइटवर जितकी पानं जास्त, तितकं गूगलवर दुकान वर’ हा त्यातला सल्ला मात्र पटला नाही. दुकानाची साइट गूगलवर वर आणून देतो म्हणणाऱ्या एजन्सी येवल्यात आम्हा पैठणीवाल्यांना याच सल्ल्याच्या जोरावर दरमहा बिलं लावतात, म्हणून हे पत्र. घरच्या दुकानाची ऑनलाइन बाजू मी सांभाळते.

पानं वाढवायला काही करावंच लागत नाही, ती आपोआप वाढतात. रड तीच आहे. गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी साइटवर काठ, रंग, किंमत असे फिल्टर असतात. एकावर टिचकी मारली की पानाच्या वेब-पत्त्याला प्रश्नचिन्ह लागतं आणि मागे शेपूट: ‘पैठणी?काठ=नारळी&रंग=जांभळा&क्रम=स्वस्त-आधी’. काठांचे चार प्रकार, नऊ रंग, किमतीचे पाच टप्पे आणि मांडणीचे चार क्रम धरा. पहिल्या तिन्हींत काहीच न निवडण्याचीही मुभा असते. म्हणजे पाच गुणिले दहा गुणिले सहा गुणिले चार, झाले १२०० पत्ते. साड्या त्याच! आधी रंग आणि मग काठ निवडला की शेपटातला क्रम उलटतो आणि गूगलच्या लेखी तो आणखी एक नवा पत्ता होतो. गिऱ्हाईक कोणत्या जाहिरातीवरून आलं हे कळावं म्हणून लिंकला चिकटणारं यूटीएमचं लटांबर वेगळंच.

आमच्या आधीच्या एजन्सीच्या अहवालात ‘गूगलने नोंदवलेली पानं’ असा चढता आलेख असायचा. ती पानं मी एकेक उघडून पाहिली. पोपटी रंग, नारळी काठ, सगळ्यात खालचा किमतीचा टप्पा: ‘या निवडीत साडी उपलब्ध नाही’. लग्नाच्या खरेदीला निघालेली पुण्याची बाई गूगलवरून थेट अशा रिकाम्या पानावर येऊन पडली, तर ती पुढे काय बघणार? ती शेजारच्या साइटवर जाते.

दुसरं टोक म्हणजे भीती. ‘डुप्लिकेट कंटेंट आहे, गूगल पेनल्टी लावेल’ असं सांगून पॅकेज गळ्यात मारतात. फसवण्याच्या हेतूने केलेली नक्कल सोडली तर एका दुकानात तोच मजकूर दोन पत्त्यांवर दिसला म्हणून गूगल शिक्षा करत नाही, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. ते सारख्या पानांतलं एक निवडतात आणि बाकीची बाजूला ठेवतात. ते एक कोणतं, हे आपण सुचवलं नाही तर निवड त्यांची. सुचवायची सोय २००९ पासून आहे. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून तेव्हा कॅनॉनिकल टॅग आणला. शेपूटवाल्या पानाच्या कोडमध्ये एक ओळ टाकायची की मूळ पान अमुक. हा हुकूम नव्हे, सूचनाच. पण साइटवरच्या लिंका आणि साइटमॅप (गूगलला दिलेली आपल्या पत्त्यांची यादी) त्याच मूळ पत्त्याकडे बोट दाखवत असतील तर बहुधा मानली जाते.

आता हे काम कसं होतं ते पाहा. एजन्सीने कॅनॉनिकल टाकला आणि त्याच दिवशी रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे गूगलने कोणती पानं उघडायची नाहीत हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, प्रश्नचिन्ह असलेले सगळे पत्ते बंद केले. दारच बंद केल्यावर आत लिहिलेली सूचना गूगल वाचणार कशी? यादीच्या दुसऱ्या, तिसऱ्या पानालाही ‘मूळ पान पहिलं’ असा शिक्का मारला होता. तिथल्या साड्या तर वेगळ्या! अशा पानांना त्यांचा स्वतःचाच कॅनॉनिकल हवा. वर बिलात ‘यूआरएल पॅरामीटर सेटिंग’, म्हणजे या शेपटांचं काय करायचं ते गूगलला कळवण्याची, एक रक्कम होती. सर्च कन्सोलमधलं (साइटमालकांना आपली साइट गूगलवर कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या सेवेतलं) ते साधन गूगलने २०२२ मध्येच बंद केलं आहे.

शेपूट लागलेले पत्ते मुळात वाईट असतात असंही नाही. प्रश्नचिन्ह गूगलला वाचता येतं. ते काढून पत्ता गोंडस करायचा आणि आत तीच १२०० पानं ठेवायची, याला अर्थ नाही. उलट ‘जांभळी पैठणी’ लोक खरोखर शोधतात, म्हणून त्या रंगाला आम्ही स्वतंत्र पान दिलं, नीट मथळा आणि चार ओळी लिहिल्या. मांडणीच्या क्रमाला असं काही द्यायची गरज नाही.

आमच्या धंद्यातली खरी गाठ पुढेच आहे, आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. हातमागावरची पैठणी म्हणजे एकेक नग. विकली की तिच्या पानाचं काय करायचं? बहुतेक जण ते सरळ मुख्य पानाकडे वळवतात. गूगल ते बहुधा ‘पान नाही’ असंच धरतं आणि गिऱ्हाईकही गोंधळतं. तशीच साडी मागावर असेल तर आम्ही पान ठेवतो, ‘ऑर्डरप्रमाणे विणून मिळेल’ असं लिहितो. अगदी जवळची दुसरी असेल तर तिकडे ३०१ ने, म्हणजे ‘पान कायमचं हलवलं’ या खुणेने, वळवतो. दोन्ही नसेल तर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ ही खूण, देऊन मोकळे होतो.

आणि वर्णन! पुनर्विक्रेते आमचा फोटो उचलतात, त्याखालचा परिच्छेदही शब्दशः उचलतात. ही नक्कल आमच्या कॅनॉनिकलने थांबत नाही. म्हणून आता प्रत्येक साडीखाली त्या नगाचंच लिहिते: पदरावर मोर किती, बुट्टी कोणती, जर कसली, उलट्या बाजूने विणकाम कसं दिसतं, आणि उलट्या बाजूचा फोटो. वेळ जातो, पण फोनवर त्याच फोटोबद्दल विचारणा होते.

पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहून घेणार असाल, तर एवढी विनंती: अहवालात पानांचा आकडा दाखवणाऱ्या एजन्सीकडे ‘त्यातल्या किती पानांवर गूगलवरून माणूस आला आणि त्या पानावर माल होता का’ हे सर्च कन्सोल उघडून दाखवायला सांगा, असं दुकानदारांना जरूर कळवावं.

आपली,
एक पैठणी विक्रेती
येवला, जि. नाशिक