ड्रोनचा फोटो म्हणजे मोजणी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी भांडुपला राहतो, गाव चिपळूण तालुक्यात. आम्हा चाकरमान्यांचं गावच्या जमिनीकडे लक्ष जातं ते गणपतीत आणि मे महिन्यात, मधल्या काळात कोणी गडगा (हद्दीवरचं दगडांचं कुंपण) कुठवर सरकवला कळायला मार्गच नसतो. आता बऱ्याच जणांनी यावर उपाय काढलाय, पोराचा २४९ ग्रॅमचा छोटा ड्रोन उडवायचा, फोटो फ्री सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे की जमिनीचा नकाशा हातात. आम्हीही गेल्या मे महिन्यात हेच केलं.

खरं सांगतो, नकाशा बघून हरखून गेलो. ६० मीटरवरून काढलेल्या फोटोत विहीर, पायवाट, गडग्याचे दगडसुद्धा दिसतात. पण तोच नकाशा सॅटेलाइट फोटोवर ठेवला तर अख्खा तीनेक मीटर बाजूला! साध्या ड्रोनचा जीपीएस काही मीटर चुकतोच, सॅटेलाइट फोटोही थोडाफार सरकलेला असतो, आणि भावकीतलं भांडण असतं हातभर जागेचं. वर आंबा-काजूच्या झाडांखालचा गडगा फोटोत येतच नाही, तिथे सॉफ्टवेअर झाडाचा शेंडाच मोजतं.

आमच्या वाडीत एकाने असाच नकाशा दाखवून शेजाऱ्याचा गडगा पाडला. दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नाहीत आता, फार वाईट वाटतं. लोक म्हणतात सरकारनेही ड्रोननेच मोजलं ना. अहो, २०२० च्या स्वामित्व योजनेत सर्व्हे ऑफ इंडियाने मोजलं ते गावठाण, शेतजमीन नाही, आणि तिथे आधी चुन्याने हद्दी आखल्या, जागेची अचूकता सेंटीमीटरमध्ये देणारी जीपीएस स्टेशनं वापरली, नंतर प्रत्यक्ष जाऊन पडताळणी केली. ड्रोन हा त्यातला एक भाग.

म्हणून ड्रोन उडवूच नका असं मी म्हणत नाही, उलट जरूर उडवा. फोटो एकमेकांवर ७५-८० टक्के चढतील असे घ्या, जमिनीवर चारही कोपऱ्यांत आणि मधे चुन्याच्या मोठ्या फुल्या मारा आणि त्या फुल्यांची जागा आरटीके जीपीएसवाल्याकडून (सेंटीमीटरपर्यंत अचूक जागा सांगणारं यंत्र) मोजून घ्या, मग नकाशा बराच जागेवर बसतो. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटच्या नकाशावर आपली जागा कुठल्या झोनमध्ये येते ते बघा, २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं लायसन्स लागत नसलं तरी रेड झोनमध्ये परवानगीशिवाय उडवता येत नाही, विमानतळाजवळ राहणाऱ्या मुंबईकरांनी तर गच्चीवरून ट्रायल घेऊच नये. आणि हद्दीसाठी मोजणीचा अर्ज करा, ड्रोनचा नकाशा भूकरमापकाला (मोजणीला येणाऱ्या सरकारी माणसाला) दाखवायला ठेवा.

भूमी अभिलेख विभागाला एकच विनंती, प्रत्येक गावात तीन-चार पक्क्या खुणा रोवून त्यांचे अक्षांश-रेखांश ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. गावी जाणाऱ्या प्रत्येकाला आपला नकाशा त्यावर ताडून बघता येईल. आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा.

आपला,
एक वाचक, भांडुप