शेवटचा दगड कुणी टाकायचा

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

कर्लिंगमध्ये, बर्फावरून दगड सरकवायच्या आपल्या या खेळात, शेवटचे दगड टाकणारी स्किप, म्हणजे कप्तान, नको, पुढच्या मोसमात सेकंडला, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाला, खेळते म्हणतेस. खेळ ना. बीजिंग ऑलिंपिकला ब्रिटनची जेनिफर डॉड्स सेकंडच होती, सुवर्णपदक तिलाही मिळालं. पण परवाच्या एका हुकलेल्या दगडावरून ठरवत असशील, तर जरा ऐक.

2018 ची प्याँगचांग ऑलिंपिकची ब्राँझची मॅच आठवते? दहावा एंड, म्हणजे शेवटचा डाव, जपान 4-3 ने पुढे, शेवटचा दगड ब्रिटनची स्किप ईव्ह म्युअरहेड हिच्या हातात. एक गुण घेऊन जादा एंड खेळता आला असता. ती दोन घेऊन जिंकायला गेली. दगडावर दगड आपटले आणि मध्याशी जपानचाच दगड सगळ्यात जवळ राहिला, म्हणजे गुणही जपानलाच. 5-3. बाबा अजून म्हणतात, दोनासाठी जाणंच बरोबर होतं. मला विचारशील तर एक घ्यायला हवा होता. आमचा तह अजून झालेला नाही.

आणि बाई नवखी होती का? चारदा ज्युनियर जगज्जेती, व्हँकुव्हर ऑलिंपिकला 19 व्या वर्षी स्किप, 2013 मध्ये रिगाला जगज्जेती, सोचीत ब्राँझ. तरी हुकला.

त्यानंतर खुब्याचं ऑपरेशन. 2021 च्या जागतिक स्पर्धेत आठवा नंबर, म्हणजे ऑलिंपिकची थेट जागाही गेली. डिसेंबरात नेदरलंड्सला पात्रता फेरी खेळून, नवा संघ घेऊन ती बीजिंगला पोचली. तिथेही साखळीतल्या नऊपैकी चार मॅच हरली, कशीबशी उपांत्य फेरीत आली. स्वीडनने पहिल्याच एंडला चार गुण काढले. मी तर चहा करायला उठले होते. शेवटी जादा एंडला 12-11 ने जिंकली! अंतिम सामन्यात समोर पुन्हा जपान, स्किपही तीच, सात्सुकी फुजिसावा. 10-3. सातव्या एंडला एकदम चार गुण घेतले, तिथेच जपान संपलं.

त्याच ऑगस्टमध्ये, 32 व्या वर्षी, तिने खेळणं थांबवलं. मला तिचं हेही आवडलं. हरल्यावर चार वर्षं थांबली नाही, जिंकल्यावर थांबली.

तेव्हा जागा बदलायची तर बदल, पण मोसम संपल्यावर, डोकं शांत असताना. कोचशी बोलायच्या आधी रविवारी फोन कर. बाबांना तुझा तो दगड कागदावर काढून हवाय, कोणता दगड कुठे होता ते सगळं. आणि गुडघ्याला बर्फ लावतेस ना?

तुझी,
आई