‘बाळा, तुझा पाय कुठे पडतो?’

आदरणीय काका, आणि पहाटे तुमच्याबरोबर रोलर ओढणारी सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

त्या रविवारी सामना संपल्यावर तुमच्याशी बोलायला येणारच होते. पण तुम्ही सगळे कव्हर ओढण्यात गुंतला होतात आणि मला बोलताना रडू आवरेल असं वाटेना. म्हणून लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. क्रिकेट खेळणाऱ्या मुलींच्या आईबापांना, ठाण्यातल्या असोत की नवी मुंबईतल्या, तुम्ही काय केलंत ते कळायला हवं.

मी त्या लांब वेणीवाल्या फास्ट बॉलर मुलीची आई. वय वर्षे 14, नेरूळला राहतो आम्ही.

तुमच्या मैदानावर येण्याआधी आमच्या वाट्याला काय आलं होतं ते आधी सांगते. गेल्या हंगामात आमच्या मुलींचा सामना दुसऱ्या एका मैदानावर होता. नाव लिहीत नाही. भाडं पूर्ण भरलेलं, पावती हातात. सकाळी जाऊन बघतो तर विकेटवर, म्हणजे पीचवर, आदल्या दिवशीच्या सामन्याच्या खुणा जशाच्या तशा. झाडू फिरवलेला नाही, पाण्याचा थेंब नाही. रोलर कोपऱ्यात साखळीला बांधून कुलूपबंद आणि किल्ली ज्यांच्याकडे ते फोन उचलेनात. बॉलर पुढचा पाय टाकतात तिथे दोन्ही टोकांना खड्डे, आत भुगा झालेली माती. आमच्या कोचनी ऑफिसातल्या साहेबांना विनंती केली की बाकी काही नको, निदान हे खड्डे भरून द्या. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, “मुलींचीच मॅच आहे ना? चालतंय. नाहीतर मॅट टाकून घ्या.”

चौथ्या ओव्हरला लेकीचा घोटा मुरगळला.

हाड शाबूत राहिलं, देवाची कृपा. सूज उतरली, ती पुन्हा पळायलाही लागली. पण तिच्या बॉलिंगमध्ये एक गोष्ट शिरली ती निघेचना. रनअप नीट, उडी नीट, आणि बॉल सोडायच्या ऐन क्षणी मान खाली. स्टंपवरची नजर सुटायची आणि जिथे पाय पडणार तिथे जायची. कोच सांगून सांगून थकले, “समोर बघ गं!” समोर बघायला पायाखालच्या जमिनीवर भरवसा लागतो, आणि तो त्या दिवशी गेला होता.

मला अजून राग येतो. हिच्या हातातला बॉल 140 ते 151 ग्रॅमचा, पुरुषांचा त्याहून थोडा जड. मुलींच्या सामन्यात बाउंड्रीही जरा आत घेतात. पण विकेट तीच आहे, 22 यार्डांची, 20.12 मीटर लांब, दोघांनाही सारखीच. तिच्यावर मुली पडल्या तर लागतंही सारखंच. मग मुलींच्या सामन्याच्या दिवशी त्या विकेटवर कुणाचा हात का फिरत नाही? भाडं तर कमी घेत नाहीत!

आणि हे कुठे, तर आपल्या गावात. 2 नोव्हेंबर 2025 ला इथेच, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून वर्ल्ड कप जिंकला. मध्यरात्री आमच्या सोसायटीत फटाके वाजले, बायका गच्चीवर नाचल्या. त्या दिवशी पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झाला होता. कव्हर ओढणारी माणसं टीव्हीवर दिसत होती आणि माझी लेक ते बघून विचारत होती, “आई, तिथले खड्डे कोण भरत असेल?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता त्या शनिवारच्या संध्याकाळी येते.

मुली मैदान बघायला आणि थोडा सराव करायला आल्या होत्या. तुम्ही पीचच्या टोकाला उकिडवे बसला होतात. हातात खुरपं, बाजूला घमेल्यात भाकरीच्या पिठासारखी भिजवलेली काळी माती, पाण्याची बादली, गोणपाटाचा तुकडा. सकाळी मोठ्या मुलांचा सामना झाला होता आणि त्यांच्या बुटांनी पाडलेल्या खड्ड्यातला भुगा तुम्ही पार कडक माती लागेपर्यंत खरवडून काढत होतात. मुलींचा घोळका दिसला तसं तुम्ही विचारलंत, “बॉलिंग कोण कोण टाकतं गं? या इकडे एकेक.” माझी लेक पुढे झाली. तुम्ही म्हणालात, “बाळा, तुझा पाय कुठे पडतो?”

काका, या पोरीला आजवर लोकांनी पुष्कळ प्रश्न विचारलेत. मुलगी असून फास्ट टाकतेस? दहावी आली की काय करणार? उन्हात काळी पडशील, आई रागवत नाही? पाय कुठे पडतो हे कुणी विचारलं नव्हतं.

ती गोंधळली. “तिथेच. क्रीजवर.”

“तसं नाही. बॉल राहू दे. नुसती धावत ये आणि टाकल्यासारखं कर.”

ती आली. स्पाइकची खूण उमटली, तुम्ही तिच्यावर चिमूटभर फक्की टाकलीत. पुन्हा पाठवलंत, पुन्हा चिमूटभर फक्की. परत एकदा. पांढरे ठिपके एकमेकांना जवळजवळ चिकटून पडले होते आणि ते मोठ्या मुलांच्या खड्ड्याच्या नेमक्या मागच्या काठावर होते. तुम्ही विचारलंत, “कधी मुरगळलाय का गं?” तिने मान हलवली. “मुरगळणारच. मुलांची ढांग लांब, त्यांचा पाय पुढे पडतो. खड्डा त्यांनी केला आणि तू त्याच्या काठावर येतेस. अर्धा पाय जमिनीवर, अर्धा अधांतरी.”

एवढंच होतं ते. त्यापायी आमच्या घरात बर्फाच्या पिशव्या, क्रेप बँडेज, रात्रीची जागरणं झाली. ऑफिसातल्या साहेबांनी खुर्चीतून उठून दहा पावलं चालून बघितलं असतं तर त्यांनाही दिसलं असतं.

तुम्ही तो काठ खुरप्याने उतरता कापलात. मोठ्यांचा खड्डा आणि तिची जागा एक केलीत. पाण्याचा हलका शिपका मारून ओली माती थोडी थोडी भरत गेलात, आणि प्रत्येक थर चोपण्याने चोपलात. वर गोणपाट घातलंत, म्हणजे माती लाकडाला चिकटून वर येत नाही, हेही मुलींना सांगितलंत. शेवटी अंगठा दाबून बघितलात आणि म्हणालात, “आता उद्या बिनधास्त टाक.” मग पुढची मुलगी. आमची डावखुरी स्पिनर आली तसे तुम्ही दुसऱ्या बाजूला सरकलात, कारण तिचा पाय तिकडे पडतो. अंधार झाला तरी तुमचं चालूच होतं. शेवटची जागा मोबाइलच्या उजेडात चोपली तुम्ही, आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ तसेच वाकून उभे राहिलात. ते मी बघितलंय.

रविवारी तिने पूर्ण स्पेल टाकला. विकेट एक मिळाली, तीही अगदी शेवटी, आणि सामना आपण हरलो. बाउंड्रीवरून डोळे दिसत नाहीत, पण मान दिसते. पहिल्या दोन बॉलांना मान खाली गेली. तिसऱ्याला थोडी झुकली. दुसऱ्या ओव्हरपासून ती वरच राहिली. शेजारी बसलेल्या बाई मला विचारत होत्या की अहो, बॉल वाइड गेला तरी टाळ्या का वाजवताय?

रात्री जेवता जेवता ती म्हणाली, “आई, काकांनी माझी जागा केली.”

तुम्ही कोण, काय करता, हे नंतर कोचकडून कळलं. तुम्ही रेल्वेतून निवृत्त झालात आणि तरुणपणी कांगा लीग खेळलात म्हणे. 1948 साली सुरू झालेली ही मुंबईची पावसाळ्यातली स्पर्धा. भिजलेल्या विकेटवर कधी गुडघ्याशी राहणारा तर कधी छातीवर येणारा बॉल ज्यांनी खेळून काढला, त्यांना माती कळणारच. तुमच्याबरोबरचे भाऊ गावठाणातले. लहानपणी वडिलांबरोबर मिठागराचा तळ पायांनी तुडवून घट्ट केलेले, त्यामुळे कितपत ओल असताना माती दाबायची हे त्यांच्या पावलांनाच ठाऊक. आणि ते माथाडी दादा! रात्रभर वाशीच्या एपीएमसीत गोण्या वाहून थेट मैदानात येतात, रोलरच्या दांडीला खांदा लावतात आणि मग घरी झोपायला जातात. पगार नाही, मानधन नाही, चहासुद्धा स्वतःच्या थर्मासातला.

आपली ही खाडीकाठची सेक्टरं बरीचशी भरावावर उभी. कुदळ मारली की मुरूम आणि डबर. विकेटला लागते चिकण माती. ती बाहेरून आणायची, चाळायची, थर देत दाबायची. पाऊस सरला की हरळी लावायची, कारण तिची मुळं माती धरून ठेवतात. मग पाणी, ऊन, रोलर, परत पाणी. घाई झाली तर ओली माती रोलरला चिकटून उचलली जाते, उशीर झाला तर वाळून कडक होते आणि मग रोलर कितीही फिरवा, दबत नाही. दवासाठी कव्हर घालावं तर ऊन चढल्यावर आत घाम धरतो, म्हणून रविवार असो की सण, उजाडताच ते काढायला कुणीतरी हजर लागतं. हे सगळं भाऊंनी मला उभ्या उभ्या समजावलं, एक हात पाइपवर ठेवून.

क्रिकेटला पैसा नाही, असं मात्र आपल्याकडे कुणी सांगू नये. ठाण्यापासून पनवेलपर्यंत दर हिवाळ्यात नाक्यानाक्यावर कुठल्या ना कुठल्या चषकाचे बॅनर लागतात. बक्षिसाला मोटारसायकल, डीजे, रोषणाई, स्टेजवर शाली आणि हार. मंडप उतरला की मैदानात बांबूंचे खड्डे आणि खिळे राहतात. ते खिळे तुम्ही दोरीला लोहचुंबक बांधून वेचता, कारण उद्या तिथे कुणाचं तरी पोर झेप घेणार असतं. आजवर किती शाली तुमच्या खांद्यावर पडल्या, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

17 सप्टेंबर 2023 ला कोलंबोत आशिया कपच्या फायनलला सहा विकेट काढल्यावर सिराजने सामनावीराची रक्कम तिथल्या मैदान कर्मचाऱ्यांना दिली. ती सगळी स्पर्धा पावसाने झोडपली होती, आणि ती पार पडली कुणामुळे हे त्याला माहीत होतं. मला तो माणूस तेव्हापासून फार आवडतो. असे लोक आहेत म्हणून बरं चाललंय. लेकीच्या पायाला पट्टी होती तेव्हा आमच्या सोसायटीचे वॉचमन तिच्या शाळेच्या वेळेला लिफ्ट खाली आणून धरून ठेवायचे, न सांगता. शाळेतल्या मावशी तिचा वर्ग काही दिवस तळमजल्यावर भरवा म्हणून मुख्याध्यापकांच्या केबिनपर्यंत गेल्या. यातलं कुणाचंच ते काम नव्हतं. ज्यांचं काम होतं, ज्यांनी पावती फाडली होती, त्यांनी मान वर केली नाही. हा फरक मी विसरणार नाही, आणि माझ्या मुलीनेही विसरू नये असं मला वाटतं.

आता थोडं कामाचं. तुमचं मोठं कव्हर दोन ठिकाणी उसवलंय आणि एका कोपऱ्याच्या कड्या गेल्यात, हे आम्ही पालकांनी बघितलंय. नव्या ताडपत्रीचे पैसे जमले आहेत. माप तेवढं द्या, आणि कृपा करून ‘कशाला, कशाला’ म्हणू नका. दुसरं म्हणजे, मुलींनी आपापसांत ठरवलंय की सामना संपला की आपण पाडलेले खड्डे आपणच भरून निघायचं. त्यांना चोपणं कसं धरायचं ते नीट शिकवा. माझी लेक जोरात मारते, माती बाजूला उडते, तेवढं बघा.

येत्या रविवारी उजाडताच मी कव्हरच्या एका टोकाला हात लावायला येते. त्या दिवशी थर्मास आणू नका, चहा माझ्याकडून. माथाडी दादांना साखर जास्त लागते, हे कोचनी सांगून ठेवलंय.

तुमची,
एका फास्ट बॉलरची आई
नेरूळ, नवी मुंबई