गावात राहिलेल्या कारागिराची नोंद कुठे?

माननीय संपादक महोदय,

आपल्या दैनिकात रोजगार मेळाव्यांच्या बातम्या नियमित येतात. तालुक्याच्या आयटीआयमधून किती मुले पुण्या-चाकणच्या कारखान्यांत लागली, हा आकडा त्यांत ठळक असतो आणि पुढाऱ्यांच्या भाषणांतही संस्थेच्या यशाची हीच एक कसोटी सांगितली जाते. त्या नोकऱ्यांचे मोल मी कमी लेखत नाही. कोरडवाहू शेतीवरच्या घराला दरमहा ठरलेल्या पगाराचा केवढा आधार असतो, हे यवतमाळ जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु जी मुले शिकून गावातच राहिली आणि ज्यांच्या भरवशावर आमचे ओलीत, पिठाच्या गिरण्या आणि घरोघरची वायरिंग चालते, त्यांची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. त्यामुळे त्यांना घडवणाऱ्या संस्थेच्या गरजाही कोणाच्या नजरेत भरत नाहीत, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दिवाळीनंतर हरभरा-गव्हाचे ओलीत सुरू होते आणि त्याच दिवसांत पंपाच्या मोटारी जळू लागतात. कृषी फीडरवर वीज ठरावीक तास, तीही कधी रात्रीची, म्हणून अनेकांनी स्टार्टरला ऑटो स्विच जोडलेला असतो. लाईन येताच डीपीवरच्या (रोहित्रावरच्या) साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज पडते, त्यातच एखादा फेज गेला की उरलेल्या दोन फेजवर ओढता ओढता मोटार तापून जळते. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे महावितरण वारंवार सांगते. सांगणे योग्यच आहे. पण कपॅसिटर किती क्षमतेचा घ्यायचा, ओव्हरलोड रिले किती अँपिअरवर ठेवायचा, हे वावरात येऊन करून देणारा माणूस त्या पत्रकासोबत येत नाही.

आमच्या गावात तो माणूस आहे आणि तो तालुक्याच्या शासकीय आयटीआयमधून दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड करून आलेला आहे. जळालेली मोटार त्याच्याकडे नेली, की जुने वाइंडिंग काढताना तो कॉइलचे वेढे मोजून वहीत लिहितो, तारेची जाडी मायक्रोमीटरने पाहतो, स्लॉटमध्ये नवा इन्सुलेशन कागद घालतो, वाइंडिंग भरल्यावर वार्निश देऊन वाळवतो आणि बॉडीत करंट उतरत नाही याची मेगर (इन्सुलेशन तपासायचे यंत्र) लावून खात्री केल्यावरच मोटार बैलबंडीत चढवू देतो. नुसते पाहून शिकलेल्यांच्या दुकानात मेगर मला क्वचितच दिसला आहे. अर्थिंग नसेल तर जोडणी करून द्यायला तो साफ नकार देतो. यावरून गिऱ्हाईक चिडते, प्रसंगी दुसरीकडे जाते. परंतु ओल्या वावरात स्टार्टरच्या पेटीला हात लागून माणूस दगावल्याच्या बातम्या आपणच दर पावसाळ्यात छापता. त्या टळल्या तर त्याची बातमी होत नाही, एवढेच.

आता कागदावरचा हिशेब पाहा. शिकाऊ उमेदवारीच्या १९६१ च्या कायद्याखाली, २०१९ मध्ये बदललेल्या नियमांनुसार, तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि चार ते एकोणतीस माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. तालुक्यातल्या जिनिंग-प्रेसिंगचे बरेचसे मनुष्यबळ हंगामी आणि वाइंडिंगच्या दुकानात मालक धरून दोघे. म्हणजे ज्या दुकानात मुलगा खरे काम शिकेल, ते दुकान नियमातच बसत नाही. मुलाने शिकाऊ उमेदवारीसाठी नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याची औद्योगिक वसाहत गाठावी आणि तिथूनच पुढे निघून जावे, असाच हा रस्ता आखलेला आहे.

संस्थेच्या आतली स्थितीही काळजीची आहे. शिल्प निदेशकांच्या, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्यांच्या, जागा रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावर आलेला निदेशक दुसरीकडे बरी संधी मिळताच जातो आणि सत्राच्या मध्येच वर्कशॉप थंडावते. सरावाला त्याच त्या जुन्या मोटारी असतात. इकडे गावोगाव जळालेल्या मोटारी दुरुस्तीची वाट पाहत पडलेल्या असताना या दोन गोष्टींची गाठ का घालून देऊ नये? ओलिताच्या हंगामात संस्थेने दुरुस्ती शिबिर घ्यावे, तांब्याची तार आणि वार्निश यांचा खर्च शेतकऱ्याने द्यावा आणि निदेशकाच्या देखरेखीखाली मुलांनी काम करावे. तेच प्रात्यक्षिक म्हणून धरावे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत उत्पादक कामातून शिक्षण हा विचार मांडला गेला होता. तो वर्ध्यापासून आमच्या तालुक्यापर्यंत अजून पोचायचा आहे.

त्याच वर्ध्यातून २० सप्टेंबर २०२४ रोजी महाविद्यालयांतील आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्रांची सुरुवात झाली. अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांना माझा विरोध नाही, परंतु मोटारीचे वाइंडिंग चार-दोन आठवड्यांत येत नाही आणि अशा अभ्यासक्रमांच्या गर्दीत दोन वर्षांचे ट्रेड मागे पडू नयेत. वेल्डर आणि वायरमन या ट्रेडना आठवी पास मुलगा चालतो, म्हणजे दहावीत अडकलेल्या मुलालाही तिथे दार उघडे असते. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, मात्र संध्याकाळची एसटी वेळेवर नसली की आईवडील मुलीला घरीच ठेवतात. हा प्रश्न आगाराशी बोलून सुटण्यासारखा आहे.

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून वावरावावरांत पॅनेल उभी राहत आहेत. त्यांना पाच वर्षांची दुरुस्ती हमी आहे, तरी कंट्रोलर बंद पडला की दूरवरून येणाऱ्या माणसाची वाट पाहण्यात हरभऱ्याचे एक ओलीत हुकते, आणि हमी संपल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. आयटीआयच्या अभ्यासक्रमांत सोलर टेक्निशियन हा एक वर्षाचा ट्रेड उपलब्ध आहे. आमच्या तालुक्यात तो नाही.

दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन प्रवेशाची प्रक्रिया सुरू होते आणि एकदा जागांची यादी लागली की वर्षभर त्यात काही बदलत नाही. म्हणून व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने निदेशकांच्या रिक्त जागा आणि सोलर ट्रेड यांचा निर्णय निकालाआधीच घ्यावा आणि संस्थांच्या वार्षिक अहवालात, नोकरीला लागलेल्यांच्या शेजारी, तालुक्यातच स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या माजी प्रशिक्षणार्थींसाठीही एक रकाना ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी, यवतमाळ जिल्हा