दवाखान्यापर्यंत आलेल्याला लस न देता परत पाठवू नका

मा. संपादक,
नमस्कार.

लसीकरणावर पेपरात जे येतं त्यात बहुतेक वेळा लोक लस घ्यायला येत नाहीत, घाबरतात, अफवांवर विश्वास ठेवतात असंच असतं. ते असेलही, पण मला आज जे येतात त्यांच्याबद्दल लिहायचंय. म्हणजे कामावर अर्धा दिवस रजा टाकून, मूल कडेवर घेऊन सरकारी दवाखान्यापर्यंत पोचतात आणि तरी लस न घेता परत जातात त्यांच्याबद्दल.

मागे मी मुलाला गोवर-रुबेलाच्या डोससाठी घेऊन गेले होते. गेल्या गेल्या रजिस्टरमध्ये नाव, फोन नंबर लिहून घेतला. आम्ही तिघीजणी होतो, तिघींची तीन बाळं. बराच वेळ बसल्यावर सिस्टर म्हणाल्या की बाटली १० डोसची आहे, मुलं तीनच आलीत, उघडली तर बाकीची वाया जाईल, तुम्ही पुढच्या आठवड्यात या. मला सिस्टरांचा राग आला नाही कारण त्या मनापासून काम करतात, आधीच्या एका डोसच्या वेळी मी विचारलं म्हणून त्यांनी मला बाटलीवरचा तो छोटा गोल दाखवला होता, त्याच्या आत एक चौकोन असतो, चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली आणि उष्णता लागून तो गोलाइतका गडद झाला की बाटली टाकून द्यायची. इतकं नीट कोण समजावून सांगतं! पण त्यांनाही वर हिशोब द्यावा लागतो ना, किती डोस वाया गेले म्हणून.

गोवरची लस पावडरच्या रूपात येते, त्यात द्रावण मिसळलं की आपल्याकडे ४ तासांच्या आत किंवा त्या दिवसाचं सत्र संपेपर्यंत, जे आधी होईल तोवर वापरायची, उरली तर फेकायची. हा नियम बरोबरच आहे, त्यात जंतू शिरले तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. पण म्हणून बाटली उघडायचीच नाही हे कुठलं गणित? एका मुलासाठीसुद्धा बाटली उघडा असंच जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. वाया गेलेले सात डोस वहीत लिहिले जातात, पण परत गेलेली तीन बाळं कोण लिहितं?

पुढच्या आठवड्यात मी परत गेले, दुसरी बाई पण आली, तिसरी आलीच नाही. त्या दिवशी उठून जाताना ती म्हणाली होती की सारखी सारखी सुट्टी मिळत नाही हो. तेव्हापासून ते बाळ माझ्या डोक्यातून जात नाहीये. गोवर हा काही साधा ताप नाही, लस न घेतलेल्या लोकांमध्ये एका पेशंटपासून १२ ते १८ जणांना होऊ शकतो, पेशंट खोलीतून निघून गेला तरी त्याचे विषाणू २ तासांपर्यंत हवेत राहू शकतात. म्हणून तर ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळायला पाहिजेत असं सांगतात. एकेक बाळ असं सुटत गेलं तर ९५ कुठून होणार?

परत पाठवायची कारणं पण ठरलेली असतात. बाळाला सर्दी आहे, नंतर या. साध्या सर्दीखोकल्यात लस देता येते, चांगला ताप असेल, बाळ खरंच आजारी असेल तरच थांबायचं. कार्ड हरवलंय, शोधून आणा. अहो रजिस्टरमध्ये बघा, नाहीच सापडलं तर वय बघून जे राहिलंय ते सुरू करा. आणि मधे खंड पडला की बऱ्याच आया घाबरून यायचंच बंद करतात, त्यांना वाटतं आता सगळं पहिल्यापासून घ्यावं लागणार आणि वर बोलणी पण खावी लागणार. तसं नसतं, उशीर झाला तरी जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू करतात, पहिले डोस फुकट जात नाहीत. हे दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला काय हरकत आहे?

आता मोठ्यांचं. माझ्या मुलाच्या प्रत्येक डोसची तारीख फाइलला लावलेली आहे, पण माझ्या वडिलांच्या पायात खिळा घुसला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, तर घरात एकालाही सांगता येईना. वडील आईकडे बघतायत, आई माझ्याकडे. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, तो माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांनी लस घेतली म्हणून आपण वाचलो असं यात होत नाही, ज्याची त्यालाच घ्यावी लागते. कितीतरी देशांत मोठ्यांना दर १० वर्षांनी बूस्टर घ्यायला सांगतात. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते कारण विषाणूच बदलत राहतो, वय झालेल्यांसाठी न्यूमोनियाची लस असते, कावीळ बी ची लहानपणी राहिली असेल तर मोठेपणी घेता येते. आणि डांग्या खोकला, तो तर पुष्कळदा घरातल्या मोठ्यांकडूनच तान्ह्या बाळाला होतो, आपल्याला नुसता रेंगाळलेला खोकला वाटतो आणि दोन महिन्यांच्या बाळाचा श्वास अडकतो.

यातलं मला कोणी दवाखान्यात सांगितलेलं नाही, वडिलांच्या खिळ्यानंतर मी स्वतः विचारत, वाचत गेले. मुलाचे डोस घेताना मी इतक्यांदा त्या खुर्चीवर बसले, एकदाही कोणी विचारलं नाही की ताई तुमचं काय, घरात म्हातारं माणूस आहे का, कोणी गरोदर आहे का. सगळ्यांना सगळ्या लसी चालतात असं नाही, गोवर-रुबेलासारखी जिवंत लस, म्हणजे जिच्यात कमजोर केलेले जिवंत विषाणू असतात ती, गरोदरपणात देत नाहीत, म्हणून तर जाणत्या माणसाने विचारायला पाहिजे. मुलाला लस दिल्यावर अर्धा तास थांबवतातच, तेवढ्यात हे विचारून होतं. मोठ्यांच्या ज्या लसी त्या दवाखान्यात असतील त्या तिथेच द्या, नसतील तर कुठे मिळतील ते कागदावर लिहून द्या.

माझं आरोग्य खात्याला एवढंच म्हणणं आहे, डोस वाया गेले म्हणून सिस्टरांना जाब विचारणं बंद करा, बाटली उघडायची मोकळीक त्यांना लेखी द्या. आणि लस न देता ज्यांना परत पाठवलं त्यांना फोन करून बोलवा. त्या तिसऱ्या बाईचा नंबर रजिस्टरमध्ये आहे, माझ्या नावाच्या खालीच लिहिलाय.

आपली,
एक वाचक