नारळीकर सरांचे आम्हा प्राध्यापकांवरचे ऋण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डॉ. जयंत नारळीकर सर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्यानंतरच्या लेखांत केंब्रिजचा रँग्लर हा मान, फ्रेड हॉइल यांच्यासह मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त, विज्ञानकथा, पद्मविभूषण हे सारे आले, आणि ते यायलाच हवे होते. मुलांच्या प्रश्नांना पोस्टकार्डावर उत्तरे पाठवणारे सरही सर्वांना ठाऊक आहेत. पण लहान गावांतल्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांसाठी त्यांनी जे केले, त्याविषयी फारसे वाचायला मिळाले नाही. म्हणून हे पत्र.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष यशपाल यांच्या कल्पनेतून १९८८ मध्ये ‘आयुका’ ही खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीची आंतरविद्यापीठीय संस्था स्थापन झाली. सरांनी तिच्यासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आपले काम सोडले आणि पुणे विद्यापीठाच्या आवारात सगळे शून्यातून उभे केले. ही संस्था देशभरातल्या विद्यापीठांची आहे, हे त्यांनी पहिल्यापासून पाळले. महाविद्यालयांतल्या अध्यापकांना तीन वर्षांसाठी सहयोगी म्हणून निवडायचे, त्यांनी सुट्टीत येऊन राहायचे, वाचायचे, संशोधन करायचे. येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च संस्थेचा.

याचे मोल मराठवाड्यातल्या आमच्यासारख्यांनाच कळेल. आमच्या ग्रंथालयात क्रमिक पुस्तकांपलीकडे फारसे काही नव्हते. भौतिकशास्त्राविषयी बोलायला विभागात दुसरे माणूस मिळणे मुश्कील. आयुकात मात्र ज्यांचे शोधनिबंध वाचायला मिळावेत म्हणून धडपडायचो, ते लोक चहाच्या टेबलावर शेजारी असत. आपण कुठून आलो, आपली पदवी कुठली, हे तिथे कुणी विचारत नसे. अशी रीत वरून घालून दिल्याशिवाय संस्थेत मुरत नाही, असे मला अनुभवाने वाटते.

आणखी एक गोष्ट मला फार मोठी वाटते. विश्वाचा जन्म महास्फोटातून झाला, हे सरांना अखेरपर्यंत पटले नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिर विश्वाच्या, म्हणजे विश्वाला आरंभच नाही या, कल्पनेची सुधारित मांडणी केली. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. तरीही त्यांच्याच संस्थेत महास्फोट गृहीत धरून वैश्विक प्रारणाचा, म्हणजे विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींचा, अभ्यास करणारे संशोधक मानाने काम करत होते. त्यांचे विद्यार्थी थानू पद्मनाभन यांनी स्वतःची स्वतंत्र वाट काढली आणि तेही आयुकातच राहिले. संचालक असलेल्या सरांशी मतभेद असूनही तिथे निर्धास्त काम करता येते, हे पाहिल्यावर मी वर्गात महास्फोटाबरोबर सरांचे आक्षेपही फळ्यावर मांडू लागलो. एरवी मागच्या बाकावर पेंगणारी मुले त्या तासाला वाद घालायची.

फलज्योतिषाच्या बाबतीतही त्यांनी नुसती टीका केली नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी २०० पत्रिका जमवून रीतसर चाचणी घेतली. पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढेच ज्योतिषांनी सांगायचे होते. उत्तर पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांची सरासरी ४६ टक्क्यांवर थांबली, म्हणजे नाणे उडवले असते तरी चालले असते. प्रयोग कसा आखावा हे शिकवायला मला याहून चांगले उदाहरण मिळाले नाही.

आता एक मागणी. राज्यातल्या कितीतरी महाविद्यालयांत आज तासिका तत्त्वावरचे तरुण शिकवतात. तास घेतला तर मानधन, नाही तर काही नाही. तो शिक्षक महिनाभर पुण्यात राहणार कसा? उच्च शिक्षण विभागाने आयुकासारख्या संस्थांत अभ्यासासाठी घालवलेल्या दिवसांचे मानधन अशा अध्यापकांना द्यावे, आणि पूर्णवेळ प्राध्यापकांची कर्तव्यरजा महाविद्यालयांनी अडवू नये. सरांच्या नावाने शासनाला एखादी योजना काढायचीच असेल, तर ती ही असावी.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापक, लातूर