एक ‘टू’ आणि चार कार्बन

महोदय,

नोकरीचा अर्ज कसा करावा, यावर वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून बरंच छापून येतं. अर्जाच्या शेवटच्या ओळीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

शेजारची बी.कॉम. झालेली मुलगी परवा आपला अर्ज घेऊन आली. ‘काका, एकदा नजर टाका ना.’ सगळं नीट होतं, पण तळाशी ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’. तिथे ‘हिअरिंग’ हवं. हे वाक्य तिचं नव्हतंच; ती ज्या क्लासला जाते तिथल्या छापील नोट्समध्ये तसंच आहे. म्हणजे अख्ख्या बॅचचे अर्ज असेच गेले असणार.

तिला मी हसलो नाही, कारण १९७९ साली मीही हेच केलं होतं. पिंपरीच्या एका कारखान्यात नुकताच स्टेनो म्हणून लागलो होतो. साहेबांनी डिक्टेशनमध्ये ‘हिअरिंग’च सांगितलं, माझ्या शॉर्टहँडच्या वहीतही तेच होतं. पण ‘टू’नंतर मूळ क्रियापद, हे शाळेत इतकं घोकलेलं की वाटलं, साहेबांची जीभ घसरली. परस्पर ‘हिअर’ करून टाकलं. साहेबांनी लाल शाईनं गोल काढला आणि विचारलं, ‘उत्तर येण्याची वाट पाहतो म्हणतोस, की उत्तर येणे वाट पाहतो?’ चार कार्बन प्रतींसकट पत्र पुन्हा टाइप केलं.

‘येण्याची’ हे धातुसाधित नाम, म्हणजे क्रियापदापासून झालेलं नाम; ‘हिअरिंग’ही तसंच. मराठी पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही, तोंडातच असतं. ‘लुक फॉरवर्ड’च्या पुढचा ‘टू’ आपल्या शब्दयोगी अव्ययाच्या जातीचा. त्याला पुढे नाम लागतं. शंका आली तर क्रियापदाच्या जागी ‘युवर लेटर’ घालून पाहावं. ‘लुक फॉरवर्ड टू युवर लेटर’ बसतं. ‘वॉन्ट टू युवर लेटर’ बसत नाही, कारण तो ‘टू’ निराळा, त्याच्यापुढे साधं ‘हिअर’च. ‘यूज्ड टू’ची गंमत तर याहून मोठी. ‘आय यूज्ड टू टाइप’ म्हणजे पूर्वी टाइप करत असे; ‘आय ॲम यूज्ड टू टायपिंग’ म्हणजे टायपिंगची सवय आहे. माझ्या बाबतीत दोन्ही खरं, बोटं अजून टेबलावर चालतात.

इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही, असा दंडक हल्ली पुष्कळ ठिकाणी असतो. ‘येण्याची’ हा शब्द फळ्यावर लिहिला असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

मुलीनं तिथेच मोबाइलवर दुरुस्ती केली. मग विचारलं, ‘आय लुक की आय ॲम लुकिंग?’ दोन्ही चालतं. कचेरीच्या पत्राला पहिलं शोभतं, ओळखीच्या माणसाला दुसरं. तिनं पहिलं ठेवलं आणि अर्ज पाठवून दिला. क्लासच्या नोट्स मात्र तिला परत करायच्या आहेत. त्यावर पेन्सिलीनं लिहू का, असं विचारत होती. मी म्हटलं, पेननं लिही.

– एक निवृत्त स्टेनो, चिंचवड